साहेब नदीवर आहेत

पांढुर्णा
१९ ऑगस्ट १९८५

रघुनाथ,

तुझी तब्येत, संत्र्याचा बहार आणि सुशीलेचे गुडघे हे सगळं ठीक आहे असं धरून चालते. आज मला विचारपूस करायची इच्छा नाही.

चाकांच्या चोऱ्यांबद्दल मी तुला दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा तू फळगळीबद्दल उत्तर दिलंस. सौंसरच्या बसस्टँडसमोर तुझं टायरचं दुकान आहे, गादीवर तुझा मुलगा बसतो. चाकांचा विषय तुमच्या घरात परका नसावा. म्हणून तिसऱ्यांदा लिहिते, आणि या वेळी चष्मा लावून वाच.

पहिल्यांदा मोतीरामचा ट्रक गेला. म्हणजे ट्रक राहिला, चाकं गेली. नदीतल्या गोट्यांचे ढीग रचून त्यावर गाडी बसवली होती, खेळण्यासारखी. मोतीराम इथला मोठा ट्रान्सपोर्टवाला. चौकात उभं राहून त्याने चोरांच्या सात पिढ्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या मला स्टेशनजवळ माझ्या ओट्यावर ऐकू आल्या. मग पिठाच्या गिरणीची मोटर गेली. मग बगीच्यांतली ऑइल इंजिनं, कापसाच्या बैलबंड्यांची रबरी चाकं, गॅरेजमधले जॅक. भुरटा चोर एक स्टेपनी उचलतो. हे लोक स्वतःची गाडी, स्वतःचे पाने आणि राखणीला स्वतःचा माणूस घेऊन येतात. आमच्या ऑपरेशन थिएटरची तयारी याहून ढिली असायची.

आणि आता माणसं मरायला लागली आहेत. गोट्यांवर ठेवलेल्या अशाच एका ट्रकखाली मेकॅनिक पाहायला म्हणून सरकला आणि ढीग घसरला. त्याला बाहेर काढलं तेव्हा तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. मी नुसतं पाहिलं आणि त्याच्या बायकोला आत न्यायला सांगितलं.

परवा पहाटे माझं दार वाजलं. या गावात मेट्रनबाई निवृत्त झाली हे अजून कोणाला पटलेलं नाही. कापूस पिंजायची जिनिंग फॅक्टरी दिवाळीपर्यंत बंद असते, आत मालकाच्या ट्रॉल्या आणि मोटरी, आणि राखायला शालिकराम चौकीदार. तो जिनिंगच्या फाटकाशी पडला होता. चाकाचे नट खोलायच्या लोखंडी पान्याने त्याला मारलं आहे. डावं कानशील आत गेलं आहे, बोट ठेवलं तर हाड हलतं. जबडा मोडून एका बाजूला लोंबतो. खालचे दात शर्टाच्या खिशात सापडले, म्हणजे कोणीतरी उचलून तिथे ठेवले, गंमत म्हणून. नागपूरला हलवण्यासारखी अवस्था नाही, म्हणून इथेच सरकारी दवाखान्यात ठेवला आहे.

त्याची बायको शांताबाई माझ्याकडे सकाळचं काम करते. काल ती कामाला आली. मी तिला परत पाठवलं तर म्हणाली, "तती दवाखान्यात बसून काय करू, बाई? तो मले वयखत नाई."

तू धंद्यातला माणूस आहेस. जुनी चाकं कुठे विकली जातात, कोण घेतं, कोण नंबर घासतं, हे तुला ठाऊक असणार. डोळे उघडे ठेव आणि मला कळव. हे लोक मला फासावर हवेत.

इंदू


सौंसर
२४ ऑगस्ट १९८५

ताई,

नमस्कार. तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. जगात काय चाललं आहे काही कळत नाही. आमच्या इकडे तसं शांत आहे. टायरच्या धंद्यात माल येतो आणि जातो, कोणाचा कुठून आला हे कोणी विचारत नाही, विचारलं तर धंदा होत नाही. तरी लक्ष ठेवतो.

एक काम आहे. तुळशीरामला थोडे दिवस तुझ्याकडे पाठवतो. पोळा होईपर्यंत. त्याची तब्येत बरी नाही, चिडचिड करतो, दुकानात मन लागत नाही. त्यात हाताला कुत्रा चावला आहे. इथल्या डॉक्टरापेक्षा तुझा हात बरा. तो तुला काही त्रास देणार नाही. फार बाहेर फिरू देऊ नकोस, गर्दीत त्याला चक्कर येते.

शालिकराम काही बोलला का? त्याने कोणाला ओळखलं का? बिचारा. कळव.

रघुनाथ


पांढुर्णा
३१ ऑगस्ट १९८५

रघुनाथ,

तुझा मुलगा पोचला. सत्तावीस वर्षांच्या माणसाला गर्दीत चक्कर येते हे मी माझ्या नोकरीत कधी पाहिलं नाही, पण माझ्याकडे येऊन शांत झोपतो आहे, तर झोपू दे.

हाताचं मात्र तुम्ही दोघांनी वाटोळं केलं आहे. जखमेवर हळद, चुना आणि कसलं तरी मशिनचं ग्रीस. पू झाला आहे. मी धुऊन पट्टी केली. कुत्रा पिसाळलेला होता की नाही विचारलं तर म्हणतो, "माहीत नाही आत्या, पळून गेला." मग पोटातली इंजेक्शनं घ्यावीच लागतील म्हटलं. रोज एक. त्या सुईला भले पहिलवान रडतात. हा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि हूं का चूं करत नाही. तुझ्या घरात कोणाला इतका सोशिकपणा असेल असं मला वाटलं नव्हतं.

शालिकराम बुधवारी गेला. शेवटपर्यंत शब्द निघाला नाही, जबडाच नव्हता तर निघणार कुठून? शेवटचे दोन दिवस मात्र तो सारखा बोटाने वरच्या दातांवर टकटक करायचा आणि माझ्याकडे पाहायचा. तहान लागली असेल म्हणून शांताबाईने चमच्याने पाणी घातलं. ते गालावरून ओघळायचं आणि तो पुन्हा टकटक करायचा. फार चिडला होता. मेंदूला सूज आली की असं होतं.

मोतीराम दोनदा दवाखान्यात येऊन गेला. तोही हेच विचारत होता, काही बोलला का. शांताबाईकडे त्याने ज्वारीचं पोतं पाठवलं. तोंडाने फाटका असला तरी या गावात एक तरी माणूस माणसासारखा वागला, हे नोंदवून ठेवते.

शांताबाई तिसऱ्या दिवशी कामाला आली. तुळशीरामला तिने भाकर वाढली तेव्हा तो ताटावरून उठून गेला. पोरगं हळवं आहे. मी त्याला सांगितलं, दुःख पाहून पळू नये. नंतर त्याने तिच्यासाठी विहिरीवरून पाणी भरलं, एकाच हाताने.

इंदू


सौंसर
४ सप्टेंबर १९८५

ताई,

इंजेक्शनं बंद कर. कुत्रा आमच्या गल्लीतलाच होता, सापडला, चांगला आहे. हात दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस. मोतीराम घरी आला तर तुळशीराम समोर येऊ नये.

पोळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या ओळखीचा ट्रक येईल, तो त्याला रायपूरकडे घेऊन जाईल. तिकडे नोकरीचं पाहिलं आहे. तोवर सांभाळ. मी जामसांवलीला मारुतीला नवस बोलून आलो.

जास्त विचारू नकोस.

रघुनाथ


सौंसर
६ सप्टेंबर १९८५

ताई,

सुशीलाचा नमस्कार. मी तुमाले कधी पत्र लिहिलं नाई, मले तुमच्यासारखं लिहिता येत नाई. हे पत्र मी यायच्या, तुमच्या भावाच्या, चोरून लिहून रायली.

यायनं तुमाले कुत्रा सांगतला. कुत्रा नाई चावला, ताई. चौकीदार चावला.

तुमच्या गावचा मोतीराम, त्याचंच हे सारं हाय. आपल्या गाडीचे चाकं त्यानं पयले काढले, म्हंजे त्याच्यावर कोनी संशय घेनार नाई. माल आमच्या दुकानात येते. तुळशा नंबर घासते, वरून नवा रबर चढवते, अन् मंग नागपूरले जाते. दोन वर्सांपासून. मले वाटे दुकान चालून रायलं. घरात फ्यान आला, मी खुश झाली. मी पन खाल्लं ते, ताई.

त्या दिवशी मानूस कमी होता म्हनून तुळशाले संग नेलं. चौकीदार जागा झाला. तुळशानं मांगून त्याचं तोंड दाबलं, त्यानं आवाज करू नये म्हनून. तो चावला. चावला तो सोडेच ना. मोतीरामनं पाना घेतला अन् त्याच्या तोंडावर मारत सुटला, हात सुटेपर्यंत. हात सुटला तरी मारलं. घरी आल्यावर तुळशा मोरीत बसून वकत होता, मी पाठीवर हात ठेवला तं वरडला. म्हने, मी नाई मारलं आई, मी फक्त धरलं होतं.

मोतीरामनंच यायले सांगतलं का पोट्ट्याले तुमच्या घरी ठेवा, चौकीदार काय बोलते ते कळन. आता चौकीदार मेला. आता बोलनारा एकच उरला, तो माहा पोट्टा. रायपूरचा ट्रक यायच्या वयखीचा नाई, मोतीरामचा हाय. हे भोळे हाय, यायले समजत नाई. त्या ट्रकात तो बसला तं रायपूर काई येनार नाई.

लपवा असं म्हनत नाई मी. पोलिसात द्या. पन तुमच्या हातानं द्या. जेलात राहीन तं मी डबा नेईन. जित्ता राहू द्या.

सुशीला


पांढुर्णा
१० सप्टेंबर १९८५

रघुनाथ,

तुझ्या बायकोने मला सगळं लिहिलं आहे. तिला एक शब्द बोललास तर मी सौंसरला येऊन भर बाजारात तुझ्याशी बोलेन.

पत्र वाचून मी उठले आणि तुळशीरामच्या हाताची पट्टी सोडली. पू गेला आहे, आता खुणा स्पष्ट आहेत. वरच्या दातांची गोल ओळ, आणि खाली खोल ओरखडे. मी रोज ती जखम धूत होते आणि मला दिसली नाही, कारण माझ्या भावाने कुत्रा म्हटलं होतं. एक माणूस मरताना मला दात दाखवत होता आणि मी त्याला पाणी पाजलं.

"कोणी चावलं?" मी विचारलं.

"आत्या, तुले समजलं नं आता."

"तुझ्या तोंडून हवं आहे."

त्याने सांगितलं. पान्याचा आवाज कसा होता तेही सांगितलं. ओल्या लाकडासारखा, म्हणाला. मारणाऱ्याचं नाव मात्र त्याने माझ्यासमोर घेतलं नाही. "ते साहेबालेच सांगीन. तुझ्या कानात ते नाव राहिलं तं तुलेही पाना दिसन." मी म्हटलं, मला भीती घालू नकोस. तो म्हणाला, "घालत नाई, मले वाटून रायली."

"आणि त्या बाईच्या हातची भाकर कशी गिळलीस?"

"नाई गिळली जात, आत्या. म्हणून तं पानी भरतो."

त्या पोरात अजून माणूस शिल्लक आहे, आणि तो वाचवायचा तर तुझ्यापासून वाचवायला हवा.

तो स्वतःच्या पायाने ठाण्यात जाणार आहे. त्याने कबूल केलं आहे. आता केव्हा, ते ऐक. ठाण्याचा रस्ता बाजारातून जातो आणि बाजारात मोतीरामची माणसं दिवसभर बसलेली असतात. म्हणून मी पोळ्याचा दुसरा दिवस ठरवला आहे, रविवार, गोटमारीच्या खेळाचा. त्या दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब बंदोबस्ताला स्वतः गावात असतात, पोलिसांच्या गाड्याच्या गाड्या येतात, आणि बाजारात कुत्रं नसतं, सगळे नदीवर. याहून सुरक्षित दिवस वर्षात दुसरा नाही. तो रायपूरचा ट्रक आला तर रिकामा जाऊ दे.

शांताबाईला मी आजच सांगितलं. ती झाडत होती. मी म्हटलं, शालिकरामला धरणारा माझ्या घरात आहे आणि रविवारी मी त्याला पोलिसांत देणार आहे. तिने झाडणं थांबवलं नाही. कचरा भरून बाहेर टाकला, हात धुतले, आणि म्हणाली, "कोनाले सांगू नोका म्हनता का सांगू म्हनता?" मी म्हटलं, तुझा हक्क आहे. ती झाडू कोपऱ्यात ठेवून गेली.

इंदू


सौंसर
१३ सप्टेंबर १९८५

ताई,

त्या दिवशी नको. हात जोडतो, त्या दिवशी नको.

तू पांढुर्ण्यात राहतेस, पण गोटमारीच्या दिवशी दारं-खिडक्या लावून पुस्तक वाचत बसतेस. लहानपणापासून तुला बाबांनी रेल्वेच्या पासवर नागपूरला सिस्टरांकडे ठेवलं, तू हे गाव पाहिलंच नाहीस. मी खेळलो आहे. दोन वर्षं सलग, माझ्या कपाळावर खूण आहे ती त्याचीच. नदीच्या मधे झाड, ते तोडून वरचा झेंडा आणायचा, इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव. दिवसभर गोटे. तिथे ज्याचं डोकं फुटतं तो कोणाच्या गोट्याने फुटलं हे विचारत नाही, आणि जो मारतो त्याला कोणी विचारत नाही. त्या दिवशी माणसाचा खून होत नाही, ताई. त्याला फक्त गोटा लागतो.

पोलीस असतात, पण ते सगळे नदीवर असतात. ठाण्यात कोण असणार?

आणि शांताबाईला कशाला सांगितलंस? आतापर्यंत अर्ध्या गावाला कळलं असेल. तुला खरं बोलायची हौस आहे, ती माझ्या पोराच्या जिवावर कशाला?

मी चुकलो. मोतीरामला मी ओळखलं नाही. मी सोमवारी स्वतः येतो आणि त्याला घेऊन छिंदवाड्याला जातो, तुझ्या समोर, तू सांगशील त्या साहेबाकडे. फक्त रविवारी त्याला घराबाहेर काढू नकोस. कडी लावून घे.

हे पत्र मिळताच तसं कर.

रघुनाथ


सौंसर
२१ सप्टेंबर १९८५

ताई,

यायचं पत्र तुमाले सोमवारी भेटलं म्हने. इतवारी डाक राह्यत नाई हे आमच्या ध्यानात नाई आलं.

तुळशाले आनलं तेव्हा यायनं मले तोंडच दाखवलं, तेही अर्धं. बाकी धुडक्यात बांधलेलं. मी सोडाले गेली तं चार बायांनी मले धरलं. हे म्हनते, समोरून लागले, सावरगावचे लागले, झाडापाशी गेला होता. लोक येऊन रायले, ताई. म्हनते का देवीचा मान होता, झेंड्याले हात लावून गेला, असं मरन भाग्यवानाले येते. त्याच्या फोटोले हार घातला कोनी तरी. मोतीरामनं पन मानूस पाठवला, नारळ घेऊन. हे त्या मानसापुढे उभे राहून रडले.

मले काई समजून नाई रायलं. माहा पोट्टा तं साहेबाकडे जानार होता. नदीवर कायले गेला?

त्याले तुमी धुतलं. मले एकच सांगा, अन् तुमी खोटं बोलत नाई म्हनून तुमाले इचारतो. समोरून लागले का मांगून?

सुशीला


पांढुर्णा
२६ सप्टेंबर १९८५

सुशीला,

मागून.

समोर एकच जखम होती, डाव्या खांद्यावर, ती सावरगावची. बाकी सगळ्या डोक्याच्या मागच्या बाजूला आणि मानेवर. रघुनाथने तुला वेगळं सांगितलं कारण तू दोन घास खावेस अशी त्याची इच्छा आहे. मला ते जमत नाही, आणि तूही त्यासाठी मला विचारलेलं नाहीस.

तो नदीवर गेला कारण मी त्याला नेलं.

रविवारी त्याने अंघोळ केली, मी इस्त्री करून दिलेला शर्ट घातला. सणाचा दिवस असूनही शांताबाई आली. तुळशीराम तिच्या पाया पडायला वाकला तर तिने पाय मागे घेतले. मग म्हणाली, "जाय. साहेबाले सांग." तिने कोणाला काही सांगितलं नव्हतं, रघुनाथला तेवढं कळव. मोतीरामला काही कळायची गरजच नव्हती, पोरगं कुठे आहे हे त्यानेच ठरवलं होतं.

बाजार मी म्हटल्याप्रमाणे रिकामा होता. ठाणंही. एक म्हातारा शिपाई बसला होता. तो म्हणाला, "साहेब नदीवर आहेत. सगळेच नदीवर आहेत, बाई. इथं बाकावर बसा, संध्याकाळी येतील." तुळशीराम बसला. मला कोणाची वाट पाहत बसायची सवय नाही. रुग्ण टेबलावर असताना डॉक्टर यायला उशीर झाला की मी त्यांना जेवणावरून उठवून आणायची. मी म्हटलं, मग आपणच जाऊ साहेबांकडे. तो म्हणाला, "आत्या, बसू इथंच." मी म्हटलं, ऊठ. तो उठला.

मी ती नदी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. गुडघाभर पाणी, मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, आणि हवेत गोटे, पाखरांच्या थव्यासारखे. फुटलेल्या डोक्यात हळद भरून माणसं पुन्हा धावत होती. एकाचा डोळा गालावर आला होता आणि तो हसत होता. ढोल इतके की स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. साहेब पलीकडे पुलाजवळ होते, त्यांची गाडी मला दिसत होती. पोचायला वाट नव्हती.

मोतीराम समोरच उभा होता, पांढुर्ण्याकडच्या खेळाडूंमध्ये, अंगभर गुलाल. "मेट्रनबाई, आज तुमी इकडं कशा? अन् हा आपला तुळशीराम नं? पाहा रे, सौंसरचा पोट्टा आपल्याकडून खेळाले आला." त्याने कोणाच्या तरी हातातली कुऱ्हाड घेऊन तुळशीरामच्या हातात दिली. सगळ्यांनी देवीचा जयजयकार केला. भरल्या काठावर ज्याच्या हातात कुऱ्हाड दिली त्याला मागे फिरता येत नाही, हे मला आता माहीत झालं. तरी मोतीराम त्याच्या कानाशी वाकला. मी हाताच्या अंतरावर होते. "झाड तोडून आन. मंग साहेबाकडं मीच घेऊन जातो तुले. नाईतं इथंच सांगू का सारेले, शालिकरामले कोनं धरलं होतं?"

मी त्याचा दंड पकडला. कोणीतरी माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी अदबीने. "अडवू नका बाई, मान आहे." तुळशीराम म्हणाला, "जाऊन येतो, आत्या." आणि पाण्यात उतरला.

कोणी झाडाकडे जायला निघाला की पांढुर्ण्याचे लोक त्याच्या डोक्यावरून पलीकडे गोटे मारतात, सावरगावची माणसं मागे हटावीत म्हणून. त्यामुळे एखादा गोटा कमी पडला तर नेम चुकला म्हणतात आणि विषय संपतो. तो झाडापर्यंत पोचला. दोन घाव घातले. मोतीराम खाली वाकला, गोटा निवडला, हातात तोलला आणि मारला. वर नाही मारला, सरळ मारला. तुळशीरामने डोक्याच्या मागे हात लावला, हात पाहिला आणि आमच्याकडे वळायला लागला. तेवढ्यात मोतीरामच्या माणसांचे गोटे गेले. तो गुडघ्यांवर आला, मग पालथा पडला. बाकीच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं आपला माणूस पडला, त्याला झाकायचं, म्हणून त्यांनीही मारायला सुरुवात केली. अर्धे त्याच्यावरच पडत होते. मी ओरडत होते. माझ्या शेजारचा माणूस, रोज मला दूध घालणारा, गोटे फेकत होता आणि मला म्हणत होता, "भिऊ नका बाई, काढतो आम्ही त्याले."

काढलं. पाय धरून ओढत आणलं, आणि त्याचं डोकं प्रत्येक दगडावर आपटत आलं. कवटीत माझी दोन बोटं जातील एवढी जागा झाली होती, तिच्यात कोणीतरी हळद भरली होती. ती मी काढली. श्वास चालू होता. घशातला तो आवाज मी ओळखते. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, बाकी करण्यासारखं काही नव्हतं. तो काही बोलला नाही. मरताना माणसं बोलत नाहीत. तुझं नाव घेतलं असं मी लिहिलं तर ते खोटं असेल.

झाड तुटल्यावर सगळे झेंड्यामागे देवळाकडे गेले. शांताबाई मला तिथेच सापडली. तिच्या हातात एक गोटा होता. "काठावर आल्यावर उचलला, बाई. मारला नाई," एवढंच म्हणाली. मग तो खाली ठेवून तिने माझ्याबरोबर त्याला उचललं. मोतीरामने त्याच्यावर घालायला आणलेलं धोतर मी परत केलं, माझ्या पलंगावरची चादर घातली. कागदावर लिहिलं गेलं की गोटमारीत दुखापत होऊन मृत्यू.

रघुनाथ आला, मुलाला घेऊन गेला, माझ्याकडे पाहिलं नाही. तो त्याच्या जागी बरोबर आहे. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही, कारण तू ती दिलीस तरी मला घेता येणार नाही.

आता काम. मंगळवारी मी छिंदवाड्याला जाऊन मोठ्या साहेबांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नदीवरच्या गोट्याबद्दल ते म्हणाले, हजार माणसं मारत होती, तुमच्या एकटीच्या डोळ्यांवर काय उभं राहील? शालिकरामबद्दल मात्र त्यांनी विचारलं, मोतीरामने पाना मारला हे तुळशीरामने तुम्हाला सांगितलं का? मला नाही सांगितलं. मला जपायला गेला तो. तुला सांगितलं. तुझं पत्र माझ्याजवळ आहे, पण ते मी त्यांना दाखवलेलं नाही. तू यायचं की नाही हे तू ठरवायचं आहेस, पत्राने नाही.

आलीस तर काय होईल ते आधीच सांगते. पहिलं नाव तुळशीरामचं लिहिलं जाईल. चोर, आणि खुनात हात असलेला. फोटोवरचा हार लोक काढून नेतील. दुकानाला कुलूप लागेल. रघुनाथलाही आत बसवतील कदाचित, आणि बसवावंच. आली नाहीस तर तुझा मुलगा देवीचा मानकरी राहील, आणि पुढच्या पोळ्याला मोतीराम पुन्हा काठावर उभा असेल. जिनिंगला नवा चौकीदार ठेवला आहे. त्यालाही बायको आहे.

साहेब सोमवारी इथल्या ठाण्यात स्वतः येणार आहेत. सकाळच्या बसने निघालीस तर वेळेत पोचशील. मी स्टँडवर उभी राहीन. आपण बाजारातूनच जाऊ.

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर शांताबाई बसलेली असेल. ती सरकून जागा करणार नाही. तरी तिच्याच शेजारी बस.

इंदू